इंजिनाच्या पोटातला व्हॉल्व

सोमवार, २ जून
बाबा शुक्रवारी हॉस्पिटलातून सुटणार. त्यांना त्यांच्याच जुन्या गाडीतून घरी आणायचं, असा संकल्प सोडला आहे. इंजिन खडखडतंय, पण व्हॉल्वची एक स्प्रिंग बदलली की झालं. दादा (थोरला भाऊ, जन्माची नकारघंटा) म्हणाला, हात लावू नकोस, मेकॅनिक बोलावतो. म्हटलं, मी पुस्तक वाचलंय. अर्धंच, पण महत्त्वाचं अर्धं.

मंगळवार, ३ जून
स्प्रिंग निघाली. उत्तम! मागोमाग व्हॉल्वही निसटला आणि इंजिनाच्या पोटात पडला. हे उरलेल्या अर्ध्यात असावं. प्लगच्या भोकातून चुंबक सोडलं. मग तार. मग बायकोचा भुवयांचा चिमटा. चिमटाही पडला. उद्या शांत डोक्याने.

बुधवार, ४ जून
शांत डोक्याने हातोडा घेतला. हलके ठोके मारले की व्हॉल्व आपोआप वर येईल. आला नाही. मग हलके नसलेले मारले. पाना भिंतीवर भिरकावला, तो परत आला. कपाळावर टेंगूळ. दाराला लाथ घातली. दाराला पोचा, माझं नख उपटलं. रक्त बरंच. बायकोला सांगितलं, निम्मं काम झालं.

गुरुवार, ५ जून, दुपार
दादा आलाय. म्हणतो, पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवू, पिस्टन व्हॉल्वला वर ढकलेल. हेच मला सुचणार होतं. त्याला मदतीला घेतोय.

गुरुवार, संध्याकाळ (डाव्या हाताने)
दादा हँडलवर, मी आत. दिवे लागतात का बघायला किल्ली फिरवली. इंजिन उसळलं, हँडल उलटं फिरून दादाच्या जबड्यावर. पुढचा दात गेला. म्हटलं, तोंड इतकं जवळ न्यायचंच कशाला? त्याने हँडल उपसून समोरची काच फोडली. बाबांची काच! मी त्याची गचांडी धरली. तो ओरडला, बाबा पडले तेव्हा कुठे होतास? मी त्याच आठवड्यात येणार होतो. हे सांगायच्या आत त्याने बॉनेट माझ्या बोटांवर आपटलं. तीन मोडली. उरलेल्या हाताने त्याचं नाक फोडलं. बायकोने बागेचा पाइप आणून दोघांना भिजवलं, तेव्हा कुठे सुटलो.

शुक्रवार, ६ जून
सकाळी हॉस्पिटलात प्लास्टर. शेजारच्या खाटेवर दादा, जबड्याला टाके. बाबा काठी टेकत खाली आले ते थेट आमच्यापुढेच. आधी माझं प्लास्टर बघितलं, मग दादाचे टाके. मग विचारलं, गाडी कशी आहे रे?
म्हटलं, किरकोळ काम राहिलंय.
दादाला बोलता येत नव्हतं. त्याने मान डोलावली. हो म्हणून.
बाबांना ठरल्याप्रमाणे आजच घरी आणलं. टॅक्सी त्यांनीच थांबवली. दारही त्यांनीच उघडलं, आधी दादाला बसवलं, मग मला.