गुलाबांखाली सुमन सिस्टर

गुरुवार, ९ जानेवारी

आधी माफी. कोणाची ते ठाऊक नाही, या वहीचीच म्हणू. गणपतीनंतर एक ओळ लिहिलेली नाही. कारणं शोधली, तीन सापडली, तिन्ही खोटी. खरं इतकंच की लिहायला बसलो की स्वतःची उलटतपासणी सुरू होते, आणि इथे आखातातल्या रिफायनरीत दिवसभर दुसऱ्यांची करून आल्यावर तेवढं त्राण उरत नाही. सेफ्टीवाल्याचं कामच ते. कोण घसरलं, का घसरलं, फरशी ओली कोणी ठेवली.

आज लिहितोय कारण खूश आहे. सुमन सिस्टर निवृत्त होऊन कायमच्या नांदेडला चालल्यात. शुक्रवारी, १७ला इथल्या मराठी मंडळाचा निरोपसमारंभ, इथेच मंगफच्या हॉलमध्ये. सजावट माझ्याकडे. इरा सातव्या महिन्यात जन्मली तेव्हा सिस्टर ड्यूटी संपल्यावरही तिच्या काचेच्या पेटीपाशी बसून राहायच्या. त्यांच्यासाठी काहीतरी करायला मिळतंय.

कल्पना इराच्या खोलीतल्या भिंतीवरून आली. बारावीला आर्ट आहे, त्यासाठी ती एका जुन्या चित्रावर निबंध लिहितेय. रोमचा सम्राट हेलिओगॅबलस वर चौथऱ्यावर लोळतोय आणि खाली मेजवानीला आलेल्यांवर छतातून गुलाब सोडलेत. इतके, की पाहुणे त्यात गुदमरून मेले म्हणे. चित्रात मरण दिसत नाही. गुलाबी पूर, त्यात कुठे हात, कुठे चेहरा.

मी म्हटलं, छतातून पाकळ्या! इरा म्हणाली, "बाबा, यू डू नो दे डाय, राइट?"

म्हटलं, आपण दोनच टोपल्या आणू.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला. हॉलमध्ये मलमलीची झोळी टांगून आलो. सुरगाठ अशी की एक दोरी ओढली की सबंध तोंड उघडतं. हूक, वजन, शिडी, दिव्यांपासूनचं अंतर, सगळं कागदावर मांडलं. घरी कागदाचे कपटे भरून तीनदा चाचणी. वि. म्हणाली, "लग्नात माझ्यावर अक्षता तरी नीट पडल्या होत्या का हो? आणि आता ही हौस!" केर तिनेच काढला. मी काढतो म्हणेपर्यंत झालाही होता. (खरंच म्हणणार होतो का?)

फिंतासला रफिकभाई परकारांच्या फुलांच्या दुकानात जाऊन आलो. रत्नागिरीचा माणूस, इथल्या प्रत्येक मराठी घरातलं हळदीकुंकू त्यांच्या गुलाबावर चालतं. गुलाब केनियाहून येतात, विमानाने. इराने सांगितलेलं त्यांना सांगितलं, की रोमलाही हिवाळ्यात इजिप्तहून जहाजाने गुलाब यायचे. ते म्हणाले, "म्हंजे धंदा जुनाच. मला वाटलं मीच काढला." मग हळूच, "सिस्टरांसाठी ना? मग मी निवडून देतो. माझ्या आईचं शेवटचं त्यांनीच केलंनी."

शुक्रवार, १७ जानेवारी

वाईट झालं.

जेवणाच्या पंगती, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. सिस्टर मधल्या खुर्चीवर. अध्यक्षांचं भाषण संपलं, मी दोरी ओढली. झोळी सुरेख उघडली. सगळे वर बघत "वा" म्हणाले. मग सिस्टरना खोकला. मग खोकला थांबला आणि आवाजच येईना. चेहरा निळा. दोन नर्सेस धावल्या, पाठीवर थापा, ओरडाआरडा, पाकळ्या सगळ्यांच्या पायाखाली. शेवटी श्वास लागला. अँब्युलन्स. रात्रभर ठेवून घेणार आहेत.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. पाकळ्या पडत होत्या तेव्हा मी सिस्टरकडे बघत नव्हतो. झोळीकडे बघत होतो.

शनिवार, १८ जानेवारी

सिस्टर घरी आल्या. ठीक आहेत. वि. बोलली फोनवर. मला धीर झाला नाही.

काल हॉलमध्येच कोणीतरी म्हणालं होतं, "औषध मारलेली फुलं असतात ही." आज सकाळी बसून समितीला अहवाल लिहिला. आमच्या सेफ्टीच्या नमुन्यातच. घटना, स्थळ, परिणाम. मूळ कारण: पाकळ्यांवर फवारणीचा अंश असण्याची शक्यता, त्या अंगावर सोडण्याचा निर्णय माझा. उपाय: पुष्पवृष्टी कायमची बंद. सही. सचिवांनी तासाभरात ग्रुपवर टाकला आणि इतिवृत्तात चिकटवलाही.

वाटलं, निदान प्रामाणिक तरी वागलो.

सोमवार, २० जानेवारी

कँटीनमध्ये जोशी, "काय सम्राट!" इराचं चित्र वि.ने कोणाला तरी दाखवलं असणार. सालमियात गोष्ट पोहोचली तोवर तिघं बेशुद्ध होते. अबू हलिफात पाच. दोन टोपल्यांची दोन पोती झाली. मी दुरुस्त करायला गेलो की लोकांना वाटतं लपवतोय.

इराला सांगितलं. तिला भयंकर हसू आलं. म्हणाली, तिच्या सम्राटाचंही असंच आहे. चौदाव्या वर्षी गादीवर, अठराव्या वर्षी खून. लिहिणारे सगळे नंतरचे, त्याला मारणाऱ्यांची मर्जी राखणारे. आणि गुलाब तर नव्हतेच. "जुन्या पुस्तकात व्हायोलेट्स आहेत बाबा, अँड अदर फ्लॉवर्स. रोझेस त्या पेंटरने केले. भर हिवाळ्यात फ्रान्सहून मागवायचा, मॉडेल म्हणून." मग चित्राकडे बघत, "ही वॉज माय एज, यू नो."

बुधवार, २२ जानेवारी

आज गेलो शेवटी. सिस्टर सामान बांधत होत्या. मी दारातच सुरू केलं, की चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं, तुम्हाला दमा आहे का, अॅलर्जी आहे का...

"अरे बस की आधी. कायला रडायलास?"

मग दार लावून आल्या. पंचवीस वर्षं माझ्या साखरेवर ओरडणारी बाई शाळकरी मुलीसारखी पदराशी चाळा करत उभी राहिली.

"जिलेबी होती."

मला कळेना.

"सगळ्यांच्या ताटात जिलेबी, आन् माझ्या ताटात काकडी. मीच सांगितलेलं, मला वाढू नका, शुगर हाय. तू दोरी वढलीस, सगळे वर बघायले. म्हटलं, हीच येळ हाय. शेजारच्या ताटातली अख्खी तोंडात घातली. आन् नाकावर पडली पाकळी, भस्सदिशी श्वास आत घेतला. गेली की चुकीच्या नळीत." मग आवाज खाली आणून, "पदरात खोकून टाकली नंतर. डॉक्टरला खरं सांगितलं, ते तर मल्याळी हाय, त्याला कायचं."

मी इतका हसलो की त्यांना राग आला. पाच दिवसांनी पोटभर श्वास घेतला मी. फुलं नव्हती! औषध नव्हतं!

"हसू नको, श्रीपाद. आन् कुणाला बोलायचं नाही. तीस वर्षं ह्या लोकांच्या तोंडातला लाडू काढून घेतलाय मी. गर्भार बायकांना रडवलंय. जाता जाता जिलेबी चोरून खाताना मरायलती, हे मागं ठेवून जाऊ का?"

शब्द दिला.

घरी येताना गाडीत गाणं म्हणत होतो. मंगफचा सिग्नल हिरवा झाला तरी मागचा हॉर्न मारेपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी. एक मात्र. माझ्या हाताखालच्या कुणी जखमी माणसाला न विचारता मूळ कारण लिहून आणलं असतं तर मी तो कागद परत फेकला असता. तेच मी केलं, आणि वर प्रामाणिक वाटून घेतलं. अपराध कबूल करण्याची घाई हीसुद्धा एक ऐटच.

शनिवार, २५ जानेवारी

तीन दिवसांचा हलकेपणा संपला.

रफिकभाईंकडे गेलो होतो, वि.च्या हळदीकुंकवाचे गुलाब सांगायला. दुकानात बादल्या भरलेल्या. इतकी फुलं उरलेली मी तिथे कधी पाहिली नाहीत. संक्रांत ते रथसप्तमी हे त्यांचे खरे दिवस.

"घ्या साहेब, किती पण घ्या. तुमच्या बायकांनी सगळ्यांनी नको केलंनी. सुपरमार्केटातून कागदाची फुलं न्हेतात."

त्यांनी फोन काढला. माझा अहवाल. कुणीतरी पाठवलेला. माझी सही. "फवारणी असेल ओ. केनियावाला मारतोच, मी कुठे नाही बोलतो? पण मी तुमची फुलं दोन पाण्यातून काढली होती. आंघोळ घातल्यासारखी. तुमी एकदा विचारायचा होता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. निघताना मला चहा पाजला.

गुलाब घेतले. वि.ने विचारलं, "एवढे?"

रविवार, २६ जानेवारी

इराच्या निबंधाचा मसुदा वाचला, स्पेलिंग बघायला म्हणून. एक परिच्छेद: युरोपात जेवणघराच्या छतावर गुलाब कोरत. त्याखाली जे बोललं जाईल ते तिथेच राहायचं, बाहेर न्यायचं नाही. पाहुण्यांना आठवण राहावी म्हणून फूल वर.

कागद खाली ठेवला.

सिस्टरला शब्द दिलाय. रफिकभाईंचं नाव मी घालवलंय. दोन्ही खरं. समितीला नुसतं "कारण फुलं नव्हती" लिहिलं तर पहिला प्रश्न, मग काय होतं? मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण एकदा चुकीचं कारण लिहून झालंय, आता दुसरं मुद्दाम रचायचं?

वि. दोनदा म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" तिलाही सांगता येत नाही. पहिल्यांदाच. म्हणजे पहिल्यांदाच शब्द दिल्यामुळे.

मंगळवार, २८ जानेवारी

सुटल्यावर थेट सिस्टरकडे. ठरवून गेलो होतो की परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. रफिकभाईंच्या बादल्या सांगितल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ग्रुपवर त्या नाहीतच.

"परकार? फिंतासचा? त्याच्या मायला मी..."

"हो. त्यांनी सांगितलं."

बराच वेळ बॅगेची चेन उघडझाप करत होत्या. मग म्हणाल्या, "तू असा कसा रे. एक माणूस सुटला की दुसऱ्याला अडकवतोस."

खरंय. ऐकून घेतलं.

"तू जा. मला इचार करू दे."

शुक्रवार, ३१ जानेवारी

मंडळाचं हळदीकुंकू. वि.ला सोडलं आणि बाहेर व्हरांड्यात खुर्ची धरली. तिथे आणखी चार नवरे, फोनवर क्रिकेट.

पाचच्या सुमाराला एक टॅक्सी आली आणि सुमन सिस्टर उतरल्या. आम्ही पाचही जण उभे राहिलो. सिस्टरने लग्न केलं नाही. मंडळ दरवर्षी सगळ्याच बायकांना बोलावतं, पण त्या एकदाही आल्या नव्हत्या. बोलावलं की "ड्यूटी हाय" म्हणायच्या. आज हिरवी साडी, आणि अंबाड्याभोवती गुलाब. एक-दोन नव्हे, गच्च वेढा. मागून रफिकभाई टोपली घेऊन.

मला ओलांडून जाताना म्हणाल्या, "बघ, कशी दिसायलेय?" उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

आतलं वि.ने गाडीत सांगितलं. सिस्टर सरळ मधे गेल्या, टोपलीतलं एकेक फूल काढून प्रत्येकीच्या हातात दिलं आणि स्वतः पहिलं नाकाला लावून मोठा श्वास घेतला. मग दुसरा. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, अहो, तुम्हाला सोसत नाही ना?" तर म्हणाल्या, "मला कोण म्हणलं सोसत नाही? फुलाचं काही नव्हतं. माझंच खाणं चुकलं होतं. तेवढं बास. पुढं इचारू नका, वय झालेल्या बाईला असं इचारत नसतेत." आणि कुंकवाचं तबक पुढे आलं तेव्हा कपाळ पुढे केलं.

मग वि. म्हणाली, "मला रडूच आलं. का ते कळलं नाही."

मला थोडं कळलं. तिला सांगितलं नाही.

परतताना फिंतासला गाडी थांबवली. दुकान बंद होत होतं, दोन बादल्या रिकाम्या. रफिकभाई: "साहेब, पाच जणींनी रथसप्तमीला सांगितलंनी." मी माफी मागितली. नीट, वाक्य पूर्ण करून. त्यांनी मान हलवली, स्वीकारली की नुसती ऐकली ते ठरवता आलं नाही. तरी श्वास मोकळा.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी छान झोप लागून उशिरा उठलो. इरा म्हणाली, निबंधाचा शेवट सुचला. काय? तर, चित्र बघून लोकांना गुलाबच आठवणार, व्हायोलेट्स कुणाला सांगितले तरी विसरणार. त्यावर टीचर काय म्हणतील ठाऊक नाही. मलाही नाही.

दुपारी जोशीचा फोन. "सम्राट, ऐकलं का, सिस्टरना खाण्यातून विषबाधा झाली होती म्हणे. मसालेभात." मसालेभात कुलकर्णीवहिनींचा. आता त्यांचं काय! जोशीला म्हटलं, मसालेभात मी दोनदा घेतला होता, मी जिवंत आहे. हसला. बहुतेक थांबेल तिथेच. बहुतेक.

सिस्टर गुरुवारी जाणार. फोन केला तर म्हणाल्या, "आता झालं ना तुझ्या मनासारखं? मग झोप." झोपायला हरकत नाही. छातीवरचा दगड गेलाय, हे मान्य करायलाच हवं. नेहमीसारखं त्यातही खोट काढत बसायचं नाही.

पण इतिवृत्ताच्या वहीत तो कागद अजून चिकटलेला आहे. मूळ कारण, आणि खाली माझी सही. दहा वर्षांनी कुणी उघडलं तर तेच खरं. फाडला तर ती आणखी एक लबाडी. खोडून खाली "खाणं चुकलं" लिहिलं तर ते सिस्टरचे शब्द, पण मग कुणीतरी कुलकर्णीवहिनींकडे बोट दाखवणार. "कारण मला ठाऊक आहे, लिहिणार नाही" असं लिहिता येतं का कुठल्या अहवालात? आमच्या नमुन्यात तसा रकाना नाही.

उद्या: सचिवांकडून इतिवृत्ताची वही मागून आणणे.