करदात्याचं टाचण

सदाशिव पेठ, पुणे
गुरुवार, १२ ऑगस्ट १९९९

प्रिय हिरा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे जसे होतो तसेच आहोत. तुझ्याकडेही सगळं ठीक असेल असं लिहिणार होते, पण ठीक नाही हे काल आपल्या डी.एड.च्या वर्गातल्या भाग्यश्रीकडून कळलं, म्हणून लगेच कागद घेतला.

फोनच केला असता. पण घरमालकांनी जिन्याखाली नवी पाटी लावली आहे : 'येणारे फोन दोन मिनिटे. जाणारे फोन कोपऱ्यावरच्या बूथवरून.' आणि ती दोन मिनिटंही ते शेजारी उभे राहून ऐकतात. त्यापेक्षा आपली जुनी सवय बरी. काल ग्रहण होतं ना, मालकीणबाईंनी पिंपातलं भरलेलं पाणी ओतून दिलं, आणि ग्रहण सुटल्यावर नळाला टिपूस नाही. बसा आता शुद्ध होऊन!

तर तुला म्हणे 'कारणे दाखवा' नोटीस आली. त्या पेपरातल्या पत्रावरून. अगं, वाचून, म्हणजे ऐकून, आधी रद्दीतून ते पान शोधून काढलं. तुझ्याकडे तो पेपर येत नसेल म्हणून कात्रण जोडते आहे. हे बघ काय लिहिलंय :

'शिक्षण कर वाढणार असे ऐकतो. कशासाठी? विश्रांतवाडीकडील कॉर्पोरेशनच्या एका शाळेतील बाई शाळेच्या वेळेत रोज रिक्षात बसून बाहेर जाताना दिसतात. टाचणवही महिनाभर कोरी. पाचव्या वेतन आयोगाच्या पगारवाढीचा फरक मात्र हातात. अशांचे पगार आम्ही घरपट्टीतून का भरावेत? – एक करदाता.'

कोण मेला असं लिहितो कोण जाणे. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

पण एक सांगू? राग मानू नकोस. लोकांचंही अगदीच चुकतं असं नाही गं. आमच्याकडे बघ. इंग्लिश मीडियम म्हणून नाव मोठं, वर्गात छप्पन्न मुलं, आणि पगाराच्या दिवशी सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. अर्धा तास उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. आयोग पाचवा येवो नाहीतर पन्नासावा, आमच्या दारावरून तो मान वळवून पुढे जातो. परवा माझा जुना विद्यार्थी पृथ्वीराज पेढे घेऊन आला होता. सॉफ्टवेअरमध्ये लागलाय. पहिला पगार आमच्या मुख्याध्यापिकाबाईंपेक्षा जास्त! वाकून नमस्कार केला, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याचं काही वाटलं नाही हो मला. कौतुकच वाटलं.

लेकीला, अपेक्षाला, कॉम्प्युटर घेतलास असं भाग्यश्री म्हणाली. छान केलंस. तुला परवडतं. ग्रॅनाइटचा ओटा अजून तसाच चकचकीत आहे ना? त्यावर लिंबू पिळू नकोस, डाग पडतात म्हणे. आम्हाला काय, कडाप्पा. त्यावर पडलेला डाग दिसतही नाही.

माझं ऐकशील तर ऑफिसात जाऊन खाली मान घालून माफी मागून टाक. दोन ओळी लिहून द्यायच्या, विषय संपला. सरकारी नोकरी आहे, ती काही जात नाही.

अपेक्षाला आशीर्वाद. भावजींना नमस्कार.

तुझीच,
शालू


विश्रांतवाडी
१६ ऑगस्ट ९९

शालू,

पत्र पोचलं, कात्रणही पोचलं. कात्रणं माझ्याकडे आधीच दोन होती. एक नोटिशीला टाचलेलं आणि एक हिंमतरावांनी दिलेलं. हिंमतराव म्हणजे इकडचे जुने जमीनवाले. गाव कॉर्पोरेशनमध्ये घेतलं तेव्हापासून घरपट्टीच्या नावानं रोज सकाळी शिव्या देतात, मग चहा घेतात. काल पंधरा ऑगस्टच्या सभेत त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, "पानी न्हाय, गटार न्हाय, आन् बाईच्या रिक्षाचं भाडं आमच्या घरपट्टीतनं व्हय?"

मी दुसऱ्याच रांगेत बसले होते. उठून सांगितलं, ती बाई मी. रिक्षा धानोरी रस्त्यावरच्या बांधकामावर जाते. तिथल्या मजुरांची पोरं आणल्याशिवाय येत नाहीत, म्हणून मी जाऊन आणते. भाडं माझ्या पर्समधून. हिंमतरावांनी कात्रण माझ्या हातात ठेवलं, मग म्हणाले, "मंग बाई, ह्यो लिवणारा कोन हाय?" मी म्हटलं, माहीत नाही.

तुला सांगते. तू लिहिलंस ना, कोण मेला असं लिहितो? मेला नाही, मेली.

उद्या वर्गात काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, त्याला पालक काय म्हणतात? वही. नगरसेवक म्हणतो रजिस्टर. हिंमतराव म्हणतात कागद. टाचण फक्त आपण म्हणतो शालू. घरपट्टी भरणाऱ्या कोणत्या माणसाच्या तोंडात हा शब्द येईल? आणि माझी टाचणवही महिनाभर कोरी राहिली हे जगात दोघींना माहीत. एक मी. दुसरीनं माझ्या ओट्याशी उभं राहून चहा पिता पिता ऐकलं, आणि म्हणाली, "जाऊ दे गं, पोरं महत्त्वाची."

सोमवारी २३ तारखेला अकरा वाजता ऑफिसात बोलावलंय. तोवर शाळेच्या वेळेत फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही असा हुकूम आहे. बांधकामावरची बावीस पोरं येत होती, आता नऊ येतात. माफी मी मागणार नाही. मागितली तर मी खोटेपणा करून भटकत होते असं सर्व्हिस बुकात कायमचं लागेल, आणि पोरं आणणं संपलंच. तुझं नावही घेणार नाही. तेवढं राहू दे आपल्यात.

फक्त मला कारण सांग. काहून वं शालू?

हिरा


सदाशिव पेठ
शुक्रवार, २० ऑगस्ट

हिरा,

'प्रिय' लिहायचा हक्क उरला की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं हिरा. पोस्टाचा भरवसा नाही, भाग्यश्रीच्या हाती देते आहे. तिला आत काय आहे ते ठाऊक नाही. तू सांग, मला लाज वाटते.

मीच लिहिलं ते.

काहून, विचारतेस. मी दोन दिवस स्वतःला वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. करदात्यांचा प्रश्न, शिक्षणाचा दर्जा, जनतेचा पैसा. सगळी पेपरात छापण्यासारखी. खरं उत्तर छापण्यासारखं नाही. मला तुझा हेवा वाटतो. आज नाही, बरीच वर्षं. पण आत्तापर्यंत तो झाकता येत होता, कारण तुझा पगारही बेताचाच होता.

तुला ब्याऐंशी साल आठवतं? आपल्या दोघींनाही कॉर्पोरेशनच्या नोकरीचा कॉल एकाच दिवशी आला. तू वाशीमहून ट्रंक घेऊन आलेली, तुला मराठीत 'मले-तुले' म्हणते म्हणून वर्गात हसायचे, आणि त्या हसण्यात मी पुढे असायचे. मी तो कॉल घेतला नाही. घरचे नको म्हणाले असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. घरचे काहीच म्हणाले नव्हते. मीच म्हटलं होतं, "कॉर्पोरेशनच्या शाळेत शेंबूड पुसायला कोण जाणार?" आणि वर तुला म्हटलं, "तू जा. तुला चालेल."

तुला चालेल! हे दोन शब्द तू विसरली असशील. मी नाही विसरले. कारण तुला खरोखरच चाललं, आणि चांगलं चाललं.

आता वास्तुशांतीचं. मेमध्ये तुझ्याकडे आले, जेवले, ओट्यावरून हात फिरवून पाहिला. निघताना तू ती निळी साडी हातात ठेवलीस आणि हसत म्हणालीस, "घे वं, फरकाची आहे. तुझ्या नशिबी कुठला फरक!" तुझ्या मनात काही नव्हतं. मला माहीत आहे, तुझ्या मनात कधीच काही नसतं, त्याचाही मला रागच येतो. पीएमटीत बसले, मांडीवर साडीची पिशवी, आणि विश्रांतवाडी ते स्वारगेट मी एकच वाक्य घोळवत होते. तुला फरक मिळाला. मला फरक पडला. पृथ्वीराजचा पगार ऐकून माझं काही बिघडलं नाही, तो वेगळ्याच जगात गेला. तू माझ्याच बाकावरची. पंगतीत शेजारच्या पानावर जिलबी जास्त पडली की डोळ्यांत खुपते, लांबच्या पानाकडे कोण बघतं?

तरी दोन महिने गिळलं. जुलैत पुन्हा आले तेव्हा तू टाचणवहीचं सांगितलंस. किती सहज सांगितलंस गं! महिनाभर टाचण नाही, सकाळ सगळी पोरं गोळा करण्यात जाते. आमच्याकडे एक दिवस टाचण नसलं तर मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांसमोर वही उंच धरतात. मला वाटलं, ही कोण लागून गेली? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, चाचणीच्या उरलेल्या पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. खाली 'एक करदाता' लिहिताना मला जरा बरंच वाटलं, खरं सांगते. रिक्षा कुठे जाते ते मला माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. खोटं एक अक्षर नाही त्या पत्रात, आणि सगळं पत्र खोटं आहे.

आणि मग तुलाच माफी मागायला सांगितलं. वर कात्रण जोडलं. हे कुठल्या तोंडानं केलं ते मला आत्ता लिहितानाही समजत नाही.

काल मी शाळेतून सुटून तुमच्या ऑफिसात गेले होते. सगळं लिहून नेलं होतं : पत्र माझं, रिक्षा पोरं आणायला जाते हे मला ठाऊक होतं, मत्सरातून लिहिलं. सोबत तो पाठकोरा कच्चा कागद जोडला, माझ्या हस्ताक्षरातला. आवक-जावकच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपण कोण?"

"पेपरातला तो करदाता."

"घरपट्टी कोणाच्या नावावर आहे?"

"घरमालकांच्या."

"मग आपण करदाता कशा?"

खरंच की गं! ज्या करावरून मी एवढा गळा काढला तो मी भरतच नाही. तू भरतेस. नव्या जागेच्या बिलात तुझ्या नावानं येतो. ते म्हणाले, "बाई, नाव लिहा, पत्ता लिहा, व्यवसाय लिहा. 'एक करदाता' असा इथे रकाना नाही." मी लिहिलं. व्यवसाय : शिक्षिका. शाळेचंही नाव लिहिलं. त्यांनी शिक्का मारला, नंबर घातला. पोच या पाकिटात आहे, सोमवारी बरोबर ने. पेपरालाही माझ्या नावानिशी पत्र टाकलंय, छापतील न छापतील.

आमच्या शाळेत हे कळणारच. कळलं की मला घरी बसवतील. तुला निदान 'कारणे दाखवा' म्हणतात, आम्हाला कारणं कुणी विचारत नाही. बघ, तुझ्या नोटिशीचासुद्धा मला हेवा वाटतोय. हेवा गेला असं लिहून हे पत्र संपवायचं मनात होतं. पण तो गेलेला नाही. तुला आणखी एक खोटं पत्र पाठवायचं नाही म्हणून लिहिते.

आता कामाचं. सोमवारी तू अकराला ऑफिसात असशील. म्हणजे दहापासूनच शाळेत नसशील, मग ती नऊ पोरंही घरीच राहायची. मी बिनपगारी रजा टाकली आहे. पोरं मी आणते. नऊ नाही, बावीस. शाळेच्या फाटकापर्यंत सोडीन, आत येणार नाही. फक्त पोरांच्या आयांना आज-उद्या सांगून ठेव, नाहीतर कोण कुठली बाई म्हणून हाकलतील मला, आणि हाकलावंच. त्यांना म्हणावं, निळ्या साडीतली बाई येईल. तीच साडी, फरकाची. अजून घडी मोडली नव्हती मी तिची.

आणि हो, रुमाल घेऊन येते. शेंबूड पुसायला कोण जाणार म्हणाले होते ना.

तुझी, करदाता नसलेली,
शालू