पापणीच्या आतला रंग

अण्णा, तेरमधलं तुमचं मटणाचं दुकान आता राहिलं नाही. त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बसतो. परवा कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा गाडी तिथूनच गेली आणि दिवसभर तुमच्याशी बोलावंसं वाटत राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढं मी काय करते, कसं करते, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

मला तो कंदुरीचा रविवार आठवतो. शेजारच्या गावचे एक आजोबा नवस फेडायला घरचा मेंढा घेऊन आले होते. त्यांच्या घरातली सगळी माणसं दर्ग्यापाशी चुली मांडून बसलेली. मी नववीत होते, आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात पाणी भरायचं काम माझ्याकडं असायचं. तुम्ही मेंढा सोलता, पोट उघडता आणि तुमचा हात थांबतो. काळजावर पांढरट, पाण्यानं टच्च भरलेले फोड. फुप्फुसावरही तसेच.

"तेवढं कापून टाका की. बाकीचं चालतंय," आजोबा म्हणतात.

"मटण न्या तुमी. हे काळीज न्हाय देत मी."

"निवदाला काळीजच लागतंय. आन् मेंढा माझा हाय, तुमचा न्हाय."

तुम्ही वाद घातला नाहीत. दुकानात टांगलेल्या आपल्या मेंढ्याचं स्वच्छ काळीज काढून त्यांच्या पातेल्यात ठेवलंत. "नवसाचा मेंढा एक आन् काळीज दुसऱ्याचं, असं कुठं असतंय व्हय?" असं म्हणत आजोबा तणतणत गेले. पुन्हा कधी आपल्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तुम्ही ते फोडांचं काळीज हातात धरून तसेच उभे. मागच्या दाराशी आळीतली कुत्री नेहमीसारखी वाट बघत होती. टाकाऊ सगळं त्यांनाच जायचं. मी विचारलं, "अण्णा, हे नेमकं काय हाय?" तुम्ही म्हणालात, "मला तरी कुठं ठाव हाय?" आणि एका तुकड्याला मीठ लावत, "चल, उद्या इचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी मीठ लावलेला तो तुकडा डब्यात घालून आपण एसटीनं धाराशिवला गेलो, जनावरांच्या दवाखान्यात. माझी शाळा बुडाली, त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी फोडातल्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आधी तुम्हाला दाखवला, मग मला. त्यांनी सांगितलं, की हे फोड म्हणजे एका जंताची पिल्लं. कुत्र्यानं असलं काळीज खाल्लं की त्याच्या आतड्यात जंत वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ती मेंढीच्या पोटात जातात. माणसाच्याही जातात. तुम्ही मान डोलवत होता, पण परतीच्या एसटीत म्हणालात, "कुत्र्याच्या पोटातला किडा मेंढीच्या काळजात जातोय म्हणं. मला काय पटंना बघ."

आणि त्याच आठवड्यात पहार घेऊन दुकानामागं खड्डा खांदायला लागलात. खोल, वर फरशी टाकलेला, टाकाऊ सगळं पुरायला. मी म्हटलं, "पटलं न्हाय म्हणलाव ना?"

"न्हाय पटलं. पर त्या डॉक्टरचं खरं निघालं तर? आळीतली लेकरं त्याच कुत्र्यांच्या अंगावर लोळत्यात."

शेजारचे हसायचे. कुत्री कितीतरी दिवस तुमच्या पायात घोटाळायची. तुम्ही खड्डा बुजवला नाहीत. तुम्हाला ते पुढं कधी पटलं का, हे मी विचारलं नाही.

गेल्या पंधरवड्यातलं सांगते. आखाड संपत आलेला, श्रावण लागला की मटणाची गिऱ्हाइकी थंडावते, ते तुम्हाला काय सांगायचं. तेरणेच्या काठाला मेंढ्या चारणारी एक बाई माझ्या दवाखान्यात आली, पिशवीत लेंड्या घेऊन. तिची एक मेंढी मेली होती. मी लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कालवल्या, वर काच ठेवली. अंडी तरंगून काचेला चिकटतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. काच अंड्यांनी भरलेली होती. पोटात राहून रक्त पिणारा जंत.

दुसऱ्या दिवशी मी कळपात पोचले तर व्यापाऱ्याचा टेम्पो आधीच उभा. काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी साचून थैली लोंबत होती. मी एकेकीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायला लागले. निरोगी मेंढीचा लालसर असतो. रक्त कमी झालं की फिका, शेवटी कागदासारखा पांढरा.

"म्याडम, सगळ्यांलाच औषध पाजा आन् मोकळं करा," व्यापारी म्हणाला. "म्या संध्याकाळपातूर भरतो."

औषध पाजलेलं जनावर काही दिवस कापता येत नाही, औषध मटणात उतरतं, हे मी त्याला सांगितलं. बाई तेवढ्यानं हबकली. "मंग श्रावण लागंल की ओ! कोन घेनार मग? वर्सभर ह्याच दिसासाठी चारलं म्या ह्यांला."

"मावशी, पांढऱ्या डोळ्याच्या टेम्पोतच मरतील. त्यांना औषध देऊ. ज्यांचे डोळे लाल आहेत त्या आज जाऊ द्या."

तिनं मला बरंच काही ऐकवलं. मी पापण्या बघत राहिले. लाल एकीकडं, फिक्या दुसरीकडं. व्यापारी निम्म्याहून कमी मेंढ्या घेऊन कुरकुरत गेला. मागं राहिलेल्यांना मी औषध पाजलं, बाईनं एकेक तोंड धरलं. परवा पुन्हा गेले, तर जबड्यांखालची सूज उतरलेली, मेंढ्या चरत होत्या. औषध पाजलेल्यांतली एक मेली, बाकीच्या वाचल्या. बाईनं चहा दिला. "दसऱ्यापातूर सांभाळीन," एवढंच म्हणाली. चहा दिला तरी राग पुरता गेलेला नव्हता, आणि तो रास्तच होता.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्यातल्या दोन मेंढ्यांच्या पापणीचा रंग मला ठरवता आला नव्हता. उन्हाकडं तोंड करून बघितला, पापणीचे रंग छापलेल्या कार्डाशी लावून बघितला, तरी लाल म्हणावा की फिका, कळेना. बाई समोर उभी होती, टेम्पोचं फाळकं उघडं होतं. मी खणखणीत आवाजात "ह्या मागं," म्हणाले. त्या अगदी चांगल्या असतीलही, त्याच दिवशी विकल्या गेल्या असत्या. बाईला मी हे सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही.