माझ्या अक्षरातले ते पत्र

मी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली आरेखक, आज पूर्ण शुद्धीवर असताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकटा भाऊ जाऊन चार महिने झाले. डोके ठिकाणावर आहे.

१. वडिलांची काठी चुलतभावाला द्यावी. भावाला पोचवून आल्यावरसुद्धा तो म्हणाला, "तुमच्या घरात वळण होतं, म्हणून तुम्ही दोघं माणसांत आलात." त्याचा गुडघा दुखतो. त्या काठीचा हा पहिलाच चांगला उपयोग होईल.

२. बुधवारची वही भाचीकडे, म्हणजे भावाच्या मुलीकडे राहील. मागेल त्याला तिने नक्कल द्यावी.

भाऊ सोफ्यांना, खुर्च्यांना नवे कापड चढवायचा. बुधवारी दुपारी दुकानाचे दार अर्धे ओढून आम्ही समोरासमोर बसायचो. कापसाचे तंतू उन्हात तरंगत असत, खाली उतरायची त्यांना घाई नसे. अशी नऊ वर्षे गेली. आता आठवताना ती सगळी एकच लांब दुपार वाटते.

वडिलांची वाक्ये मनातून काढायची रीत त्यानेच ठरवली, वहीचे रकाने मी आखले. एकाने वडिलांचे एक वाक्य त्यांच्याच सुरात म्हणायचे. दुसऱ्याने विचारायचे, "तेव्हा तुझं वय काय होतं?" मग त्या वयाच्या पोराशी तेव्हा कुणीतरी जे बोलायला हवे होते, ते दुसऱ्याने बोलायचे. शेवटी पंधरा मिनिटे, घरात मनाई होती अशी एक गोष्ट करायची: मोठ्याने हसणे, भरदिवसा झोपणे, उलट विचारणे. पहिल्या खेपेला मी सतरंजीवर हात सरळ ठेवून पडले. "ताई, झोप म्हटलंय, परेड नाही," तो म्हणाला.

एकदा दोघांनी आठवणीतून घराचा नकाशा काढला. त्याचा जिना माझ्या जिन्याच्या दुप्पट लांब आला. माझ्या नकाशात खिडक्याच नव्हत्या, आणि मी तर त्याच घरात राहते. परत येऊन मोजल्या. अकरा आहेत. अजूनही डुलकी लागली की जिना त्याच्या नकाशाइतका लांबतो आणि वरच्या पायरीवर तो पाठमोरा बसलेला असतो.

वही वापरणाऱ्यांसाठी: एकट्याने करू नये. एका दिवशी एकच वाक्य. ज्याने दुखावले त्याला बोलावू नये. त्याच्या माफीवाचूनही काम होते. लगेच गुण येत नाही.

३. या वहीत एक वाक्य नाही. भाऊ एकोणीस वर्षांचा असताना शिवणकाम शिकू लागला. वडिलांना ती नामुष्की वाटली. "आजपासून हा मुलगा माझा कोणी नाही," असे पत्र त्यांनी तोंडी सांगितले आणि माझे अक्षर चांगले म्हणून मी ते लिहिले. दोन ओळी वाकड्या आल्या, तेव्हा नवा कागद घेऊन पुन्हा लिहिले. भावाच्या हाती ते माझ्या अक्षरात पडले. नऊ वर्षांत मी वडिलांची बाकी सगळी वाक्ये काढली. हे दर वेळी पुढच्या बुधवारवर ढकलले.

गेल्या बुधवारी मी ते भाचीला सांगितले. दुकान आता ती चालवते. तोंडात धरलेले बारीक खिळे तिने एकेक करून वाटीत ठेवले.

"आत्या, ते पत्र बाबांनी जपून ठेवलं होतं."

"कशाला?"

"म्हणायचे, शब्द त्यांचे आहेत, अक्षर ताईचं. तिनं विषय काढला की बघू."

"आणि काढला नसता तर?"

"तर नसता. तू बुधवारी येत होतीस ना?"

मग तिने माझे तेव्हाचे वय विचारले. मी म्हटले, बावीस. त्यावर बावीस वर्षांच्या मुलीशी ती जे बोलली, ते मी वहीत उतरवलेले नाही. ते माझ्यापाशी राहील.

४. राहते घर आणि बँकेतील ठेव भाचीला. ठेव घ्यायला ती तयार आहे. घराबद्दल म्हणाली, "मला नको. त्या पत्रानंतर बाबा कधी फाटकाच्या आत आले नाहीत." तरीही लिहीत आहे, कारण मी तिला हक्क देत आहे, हुकूम नव्हे. विकावे, पाडावे, कुलूप लावून विसरून जावे. कसलीही अट नाही. नकोच असेल तर निःसंकोच नाही म्हणावे आणि घर मागच्या गल्लीतल्या पाळणाघराला द्यावे. त्यांना जागा अपुरी पडते.

५. साक्षीदार म्हणून शेजारच्या परिचारिकाबाई आणि औषध दुकानाच्या मालकीणबाई आल्या आहेत. परिचारिकाबाई न वाचताच सही करायला वाकल्या.

"आधी वाचा," मी म्हटले.

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे."

"म्हणूनच वाचा. पटलं नाही तर सही करू नका, मी दुसरं कुणी बघेन."

दोघींनी बसून सगळे वाचले. वेळ लागला.

हा मजकूर माझ्या अक्षरात आहे. तो मला कोणीही सांगितलेला नाही.

लिहून ठेवणार: धाकट्याची ताई (सही)
साक्षीदार: १. परिचारिका, शेजारचे घर (सही, वाचून)
२. मालकीण, औषध दुकान (सही, वाचून)
ठिकाण: भावाचे दुकान
दिनांक: चौदा, बुधवार, दुपारी