पाचाला खाली ओढल्याबद्दल

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (तूर्त अर्धाच घातला आहे, उरलेला पत्राच्या शेवटी लागेल.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे बाबांचे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे, आणि गुडघेही जिना दिसेपर्यंत ठीकच असतात.

आमच्या खालच्या मजल्यावर बीजगणिताचा क्लास घेणाऱ्या बाई राहायला आल्याचं तुला कळवलं होतं. (किती वेळा कळवलं, ते काढू नकोस.) त्यांना लग्नाचं विचारायचं मनात पक्कं होतं, फक्त तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात त्यांनीच मला काम दिलं: क्लासच्या भिंतीवर घातांकांचे नियम रंगवायचे. म्हटलं, पाट्या रंगवण्यात हयात गेली, इथे छाप पाडायचीच.

नियम सोपा होता. डोक्यावर उणे घातांक घेऊन बसलेलं अक्षर रेघेखाली न्यायचं, की घातांक धन होतो. बाईंनी उदाहरण लिहून दिलं होतं: पाच, शेजारी एक्स, आणि एक्सच्या डोक्यावर उणे दोन. उत्तर, वर पाच आणि खाली एक्सचा वर्ग. आता आम्हा पेंटर लोकांची खोड तुला माहीत आहे, आम्ही वाचत नाही, बघतो. वर जाडजूड पाच, खाली सडपातळ एक्स. सगळा भार डोक्यावर आल्यासारखं दिसत होतं. म्हणून मी पाचालाही खाली एक्सच्या शेजारी बसवलं आणि वर नाजूकसा १ काढला (सावलीसकट). बघत राहावं असं झालं होतं.

चाचणीत अख्ख्या वर्गाने भिंतीवर भरवसा ठेवून तसंच लिहिलं, आणि अख्ख्या वर्गाचं ते गणित चुकलं. बाई तरातरा जिना चढून वर आल्या. मी ब्रश धुण्याचं निमित्त करून बेसिनमध्ये तोंड घातलं होतं.

“उणे एक्सच्या डोक्यावर होतं,” त्या म्हणाल्या. “पाचाने तुमचं काय घोडं मारलं होतं?”

खरं सांगतो ताई, सगळं संपलंच आहे तर विचारून तरी संपवू, म्हणून ओला ब्रश हातात धरूनच लग्नाचं विचारलं. बाईंनी गळणारा ब्रश माझ्या हातातून काढून बेसिनमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “आधी भिंत दुरुस्त करा. मग खाली राहायला या. पण बाबांना उगाच ओढू नका, त्यांची जागा वर आहे.”

भिंत दुरुस्त झाली आहे. आशीर्वाद असावा, ही विनंती.

तुझा धाकटा

ता. क. बाबांना वर एकटं ठेवणं जिवावर येतं. महिनाभर येऊन राहशील का? उरलेला अर्धा नमस्कार इथे घालतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, गुडघे माझे दुखतात, म्हणजे उणे माझ्या डोक्यावर आहे, तू तर धडधाकट पाच. एरवी जिना दिसला की कण्हतात, आज खुर्ची घेऊन स्वतः खाली गेले. बाईंनी त्यांचं म्हणणं तपासून बरोबर दिलं आहे. मी अजून वरच आहे. ताई, लवकर ये. बाबा फक्त तुझं ऐकतात.