कॅलेंडरावरच्या फुल्या

डॉक्टर साहेब, हसनाबादच्या केशरबाईचा जयभीम घ्या.

पायावर जांभळे ठिपके आल्ते तेव्हाच मी म्हणलं होतं, हे तुमच्या थायरॉइडच्या गोळीनं झालं. तुम्ही हसले. "मावशी, मच्छर चावले. शिकल्या किती तुम्ही?" दुसरी शिकले साहेब, पण मच्छर ओळखते.

मला औषधाची इंग्रजी नावं वाचता येत न्हाईत. म्हणून नवी गोळी सुरू झाली की पाकिटाचा तुकडा कातरून त्या तारखेवर कॅलेंडरला चिकटवते. अंगाला काही झालं की त्या दिवशी फुली मारते.

पाय टेकवेना, तेव्हा माझ्या नातीनं, साक्षीनं, मला जालन्याला मोठ्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. कॅलेंडर मी काखेत घेऊन गेल्ते. बाईनं तुकडा पाह्यला, फुल्या मोजल्या, रक्त तपासलं. म्हणल्या, "आजी, बराबर पकडलं. या गोळीनं क्वचित कुणाच्या रक्ताच्या नळ्या सुजतात. उशीर झाला असता तर किडनीवर गेलं असतं." गोळी बंद केली, दुसरं औषध दिलं.

गोळी वाईट न्हाई, तुमचा हातगुणही वाईट न्हाई. कान तेवढे तपासून घ्या.

हे पत्र टपालात टाकीत न्हाई. सोमवारी मीच येते सांगायला, स्टँडापासून तुमच्या दवाखान्यापर्यंत पायी.

तुमची पेशंट,
केशरबाई, दुसरी पास