पत्ती वाळू नये म्हणून

२ एप्रिल १९५८, बुधवार
दुकानातून आलं — चहा अर्धा पौंड, तीन शिलिंग. मेणबत्त्या दोन, आठ पेन्स. खारा मासा, दीड शिलिंग (महाग!). डब्लिनहून ह्यांच्या पाइप्सच्या — भात्याने पिशवीत हवा भरून वाजवायच्या त्या वाद्याच्या — सूर देणाऱ्या पत्त्या कोरायला बोरूच्या कांड्या, पाच शिलिंग. हे म्हणाले, "कशाला मागवल्यास?" दरवर्षी मीच मागवते. असं कधी विचारलं नव्हतं.

६ एप्रिल, ईस्टर
ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरात वाजवायचं नाही, हा सासूबाईंपासूनचा नेम. म्हणून इतके दिवस कळलं नाही. चर्चमधल्या मिसाहून शेजारीपाजारी आले, पाइप्सची पेटी उघडली. ह्यांनी कोपराने भाता दाबला, पिशवी भरली — आणि डाव्या हाताची बोटं नळीच्या भोकांवर बसेचनात! नुसती किंकाळी. हिवाळ्यापासून हात बधिर आहे, म्हणे. मला म्हणायचे, "थंडी आहे." अर्ध्या क्लेअर परगण्याला शिकवलेला माणूस! पाइप्स पेटीत ठेवून गोठ्यात जाऊन बसले.

८ एप्रिल, मंगळवार
शिकवणीचा दिवस. सुताराची सून डिम्प्ना आली. हे दारातूनच म्हणाले, "दुसरा मास्तर बघ, बाई. वाजवून दाखवता येत नाही तो कसला मास्तर!" ती डोळे पुसत गेली. मग मला, "बोस्टनचा तो माणूस विकत मागत होता ना? लिही त्याला. पाइप्स घेऊन जा म्हणावं."
रात्री जपाची माळ म्हटली. मन लागलं नाही.

१० एप्रिल
अजून लिहिलं नाही.

१२ एप्रिल
वाजली नाही की पत्ती वाळून मिटते, मग बोस्टनवाला तरी पाइप्सना कशाला विचारतो! हे म्हणाले, "नॉनी, इकडे ये. हवा मी देतो, तू नुसती बोटं ठेव." हात कणकेचे! धुतले, खुर्चीमागे उभी राहिले, त्यांच्या खांद्यांवरून हात घातले. फादर आले असते तर!
पहिला सूर निघाला मात्र —
"कोंबडीची मान धरलीस का गं?"
"तुमचा भाता आवरा आधी!"
हसले! ईस्टरपासून पहिल्यांदा.

१९ एप्रिल
रोज चाललंय. पाठ मोडते. "टोकं नकोत, पेरं ठेव. सपाट! तिसरं उचल — अगं, तिसरं!" हे तोंडाने चाल गातात, मी बोटं उचलते. आज एक अख्खी झाली, जरा लंगडत. कुंपणापलीकडून बीझी ओरडली, "मर्टीचा हात बरा झाला वाटतं!"
"हात नॉनीचा आहे!" हे म्हणाले.
"साठीत ही थेरं?"
मी म्हटलं, "ये, तुझीही बोटं बसवते."

२२ एप्रिल, मंगळवार
सकाळी हे स्वतः सुताराकडे चालत गेले. डिम्प्नाला म्हणाले, "दाखवता नाही येणार. सांगता येतं. घरातली दगडासारखी बोटं वळवलीत मी, तुझी काय मोठीशी!" संध्याकाळी ती आली. बोस्टनचं नाव निघालं नाही.

२३ एप्रिल
मेल्यावर अंगावर घालायच्या तपकिरी झग्यासाठी ठेवलेले पैसे काढले. ह्यांना सांगितलेलं नाही. डब्लिनच्या कारागिराला पत्र टाकलं — "शिकाऊ पाइप्स, एक संच, लहान हातांसाठी. वाजवणारी बाई, वय एकसष्ट. कधी मिळेल ते उलट टपाली कळवावं."